कर्ट कोबेनची ती मैफल म्हणजे ठरवून घेतलेला निरोप नव्हता

निर्व्हाना या अमेरिकन रॉक बँडच्या ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ कार्यक्रमाची, म्हणजे विजेच्या वाद्यांशिवाय गाण्याच्या मैफलीची, चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरते, तेव्हा तिच्यासोबत बँडचा गायक कर्ट कोबेनबद्दल ठरलेला मजकूरही फिरतो. कोबेनला मरण दिसत होतं, म्हणून त्याने स्वतःचा अंत्यविधी सजवला. विजेच्या वाद्यांची साथ सोडून तो गायला. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून दुसऱ्यांची गाणी घेतली. शेवटच्या गाण्यात सगळ्यांचा निरोप घेतला. लाखो लोक हे हळहळून वाचतात, आणि त्यात एका कलावंताची मेहनत पुसली जाते.

सजावटीची गोष्ट खरी आहे. लिलीची फुलं, काळ्या मेणबत्त्या, झुंबर हे सगळं त्यानेच मागितलं होतं. ‘अंत्यविधीसारखं?’ असं निर्माते अ‍ॅलेक्स कोलेटी यांनी विचारलं, तेव्हा तो हो म्हणाला. पण दोनच महिन्यांपूर्वी आलेल्या ‘इन यूटेरो’ अल्बमचं मागचं कव्हर बघा. लिली, ऑर्किड आणि त्यांत विखुरलेल्या मानवी शरीराच्या प्रतिकृती अशी मांडणी त्याने स्वतः केली होती. ही त्याची आवडती दृश्यभाषा होती. चित्रीकरण झालं १८ नोव्हेंबर १९९३ रोजी, न्यूयॉर्कमध्ये. त्यानंतर बँडचा दौरा चालू राहिला, जानेवारीच्या अखेरीस सिअ‍ॅटलजवळच्या स्टुडिओत ‘यू नो यू आर राइट’ हे नवं गाणं ध्वनिमुद्रित झालं, फेब्रुवारीत मंडळी युरोपला गेली. तो वारला ५ एप्रिल १९९४ला. नैराश्य होतं, हेरॉइनचं व्यसन होतं, पोटाचं जुनं दुखणं होतं. पण त्यावरून नोव्हेंबरातली एक संध्याकाळ मृत्युपत्र ठरत नाही.

विजेची साथ सोडली, हे तर साफ चूक. त्याच्या १९५९च्या मार्टिन डी-१८ई गिटारला कारखान्यातूनच पिकअप, म्हणजे तारांचा आवाज विजेच्या संकेतात बदलणारे भाग, बसवलेले होते. आवाज अ‍ॅम्प्लिफायर (अ‍ॅम्प) आणि सूर बदलणाऱ्या इफेक्ट पेडलमधून जावा हा त्याचा आग्रह होता, आणि तो अ‍ॅम्प प्रेक्षकांना दिसू नये म्हणून अ‍ॅम्पपुढे खोटा मॉनिटर, म्हणजे मंचावरचा स्पीकर, उभा केला होता. डेव्हिड बोवीच्या ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’मधला गिटारचा तुकडा ऐका, त्यातली खरखर निव्वळ लाकडी गिटारची नाही.

दुसऱ्यांची गाणी चौदापैकी सहा. त्यातली तीन मीट पपेट्स या बँडची, आणि त्या बँडचे कर्कवूड बंधू स्वतः मंचावर साथीला बसले होते. वाहिनीला मोठी नावं हवी होती. कोबेनने आपल्याला घडवणारे, तुलनेने अनोळखी लोक आणले. वॅसलिन्स या बँडच्या गाण्यात निर्व्हानाच्या क्रिस्ट नोव्होसेलिकने अकॉर्डियन वाजवला. उरलेली आठ गाणी निर्व्हानाचीच, त्यांपैकी ‘पेनीरॉयल टी’ त्याने एकट्याने गायलं.

शेवटचं गाणं, ‘व्हेअर डिड यू स्लीप लास्ट नाईट’, हे अमेरिकेतलं जुनं लोकगीत. त्याने लेड बेली या जुन्या लोकगायकाची चाल घेतली. संशयाने पछाडलेला पुरुष बाईला जाब विचारतो असं ते गाणं आहे. त्यात निरोपाची ओळ नाही. गायक मार्क लॅनेगनच्या १९९०च्या अल्बममध्ये याच गाण्याला कोबेनने गिटारची साथ दिली होती, म्हणजे ते त्याच्या हाताखालून गेलेलं होतं. ते संपल्यावर आणखी एक गाणं म्हणण्याचा आग्रह झाला. यापुढे जाता येणार नाही म्हणून त्याने नकार दिला. आपलं गाणं किती उंचीवर गेलं हे इतकं नेमकं ओळखणारा गायक त्या रात्री पुरता कामात होता.