डेडस्टॉक आणि डेडलाइन

मी अमेरिकेतल्या ज्या सरकारी विद्यापीठात शिकवते, तिथे सत्र संपत आलं की माध्यम विभागाची एक ईमेल येते. मजकूर ठरलेला असतो. सुट्टीत अमुक इमारतींतल्या वर्गांचं काम निघेल, भिंतीवरचे व्हीजीए सॉकेट (लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडायची जुनी जोडणी) आणि टेबलाखालचे डीव्हीडी प्लेअर काढले जातील, कोणाचं त्यावाचून अडणार असेल तर त्यांनी तमुक तारखेच्या आत कळवावं. व्हीएचएस प्लेअर अशाच एका ईमेलने गेले, आणि त्याही आधी स्लाइड प्रोजेक्टर. रडारड फारशी होत नाही. कला-इतिहासवाले आणि सिनेमा शिकवणारे तेवढे कुरकुरतात.

यंदा ती ईमेल आली, त्याच सुमारास महाराष्ट्रातल्या प्राध्यापक मित्रमंडळींच्या गटावर जुनाच वाद नव्याने पेटला होता. कुठल्याशा महाविद्यालयात भिंतभर इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे स्पर्शाने चालणारे मोठे पडदे, बसले, त्याचे फोटो आले आणि तीन तट पडले. एकांचं म्हणणं, खडू-फळ्याला पर्याय नाही. दुसऱ्यांचं, किती दिवस खडूच झिजवणार? तिसरे म्हणाले, आधी रिक्त जागा भरा, तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांचं मानधन वेळेवर द्या, मग पॅनल घ्या. माझी सहानुभूती तिसऱ्या तटाला आहे, हे आधीच सांगून टाकते. पण तिन्ही तट वर्गात काय आणायचं किंवा आणायचं नाही यावरच बोलत होते. वर्गातून काय काढायचं, कधी आणि कोणी, हा प्रश्न कोणीच काढला नाही. मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे वस्तू घेणं अवघड, पण काढून टाकणं त्याहून अवघड. विभागाच्या कपाटात ओव्हरहेड प्रोजेक्टर असतो, काच तडकलेला. शेजारी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-कॅसेट प्लेअर असतो, त्याचा पट्टा कधीच सैल पडलेला. दोन्ही डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, नोंदलेले, म्हणून कागदोपत्री जिवंत. काढायचे तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून वस्तू कमी करण्याचा, प्रस्ताव करा, समिती नेमा, किंमत ठरवा, सह्या गोळा करा. आणि एवढं करून ऑडिटमध्ये कोणी विचारलंच की वस्तू कुठे आहे, तर उत्तर द्यायला विभागप्रमुख तोवर निवृत्त झालेले. त्यापेक्षा कपाटाला कुलूप बरं. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून नवीन खरेदी होते ती या साठ्यावर थर चढवत. एकाच वर्गात छताला बंद पडलेली एलसीडी (म्हणजे प्रोजेक्टर), तिच्या पडद्यामागे झाकला गेलेला फळा आणि बाजूला नवं पॅनल, असे तीन काळ सुखाने नांदताना मी पाहिले आहेत.

याला फक्त आळस म्हणणं अन्यायाचं होईल. नॅक ही महाविद्यालयांचं आणि विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी संस्था. तिच्या मूल्यांकनाचा चौथा निकष पायाभूत सुविधांचा. २०१७ नंतरच्या स्व-अध्ययन अहवालात त्याखाली विचारलं गेलंय की किती टक्के वर्गखोल्यांमध्ये आणि सभागृहांमध्ये आयसीटी, म्हणजे माहिती-संपर्क तंत्रज्ञानाच्या, सुविधा आहेत. आहेत का, एवढंच. चालतात का, कोणी वापरतं का, बंद पडल्या तर किती वेळात दुरुस्त होतात, हे त्या टक्केवारीत दिसत नाही. दिवा उडालेली एलसीडी छताला लटकत असेल तर तो वर्ग मोजला जातो. ती उतरवली तर टक्का घसरतो. कोण शहाणा प्राचार्य ती उतरवेल?

आता इकडची बाजू. इथल्या वर्गांमध्ये डोळे दिपतील असं काही नसतं. बऱ्याच ठिकाणी प्रोजेक्टर साधेच आणि पडदे मळकट. नवलाईपेक्षा मला इथला एकसारखेपणा मोलाचा वाटतो. कुठल्याही इमारतीत जा, टेबलावर बटणांची तीच मांडणी, केबल त्याच जागी, आणि भिंतीवर मदतीसाठी एक फोन नंबर. फोन केला की पलीकडचा माणूस आपल्या खोलीत बसून बघू शकतो की तुमच्या वर्गातला प्रोजेक्टर सुरू आहे की नाही, आणि बरेचदा तिथूनच सुरू करतो. हे जमतं ते जुनं काढलं जातं म्हणूनच. प्रत्येक जुन्या प्लेअरसाठी वेगळी केबल, वेगळा कन्व्हर्टर, वेगळे सुटे भाग आणि ते ओळखणारा माणूस सांभाळावा लागतो. व्हीजीएचंच बघा. १९८७ मध्ये आयबीएमने आणलेली ही पंधरा पिनांची जोडणी. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो यांनी एलजी आणि सॅमसंगबरोबर मिळून जाहीर केलं की ही २०१५ पर्यंत मोडीत काढायची. विद्यापीठांच्या भिंतींवर ती त्यानंतरही कैक वर्षं टिकली, कारण कुठल्यातरी प्राध्यापकाचा लॅपटॉप जुना होता. तेवढ्यासाठी ती आणि तिच्या जागी आलेली एचडीएमआय असे दोन्ही प्रकार एकत्र चालवायचे म्हटलं की मधे कन्व्हर्टर आला, आणि एचडीएमआयवर येणाऱ्या व्यावसायिक चित्रपटाला कॉपी-संरक्षणाचं कुलूप असल्यामुळे पडदा काळा. शिक्षक बटणं दाबतोय आणि विद्यार्थी फोन काढून बसलेत. व्हीजीए गेलं याचं मला तिळमात्र दुःख नाही.

पण ईमेल पाठवून मोकळं होणाऱ्या या व्यवस्थेचं कौतुक मी इथेच थांबवते.

प्रोजेक्टर, पडदा, पॅनल, सॉकेट ही दाखवणारी यंत्रं. त्यांच्या पोटात काही नसतं. एक काढून दुसरं लावलं तर शिकवण्यातलं काही हरवत नाही. व्हीएचएस, कॅसेट आणि डीव्हीडीचे प्लेअर, स्पूलचे डेक ही वाचणारी यंत्रं. ती गेली की फक्त यंत्र जात नाही. कपाटभर टेपा जागच्या जागी मुक्या होतात. इथला माध्यम विभाग या दोहोंना एकाच यादीत टाकतो, एकच तारीख लावतो. माझा आक्षेप त्याला आहे.

व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. त्याच्या आदल्या वर्षीही तिने साडेसात लाखांच्या आसपास यंत्रं विकली होती. म्हणजे वस्तू कोणाला नको होती असं नाही, सुटे भाग मिळेनासे झाले होते. विद्यापीठं म्हणाली, आपापल्या टेपा डिजिटल करून घ्या. म्हणायला सोपं. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याचं कलम १०८ ग्रंथालयाला अशी प्रत करू देतं, पण अटी घालून: टेप खराब झालेली असावी, नाहीतर ती वाचणारं यंत्र आता बनत नसावं किंवा बाजारात सहजी मिळत नसावं, त्या कृतीची नवी प्रत रास्त किमतीत मिळत नाही याची आधी खातरजमा करावी, आणि तयार झालेली डिजिटल प्रत ग्रंथालयाच्या आवाराबाहेर लोकांना देऊ नये. वर्ग तर आवाराबाहेर! डीव्हीडीची गंमत आणखी वेगळी. तिच्यावरचं कुलूप वर्गात तुकडे दाखवण्यासाठी तोडायची मुभा सिनेमा आणि माध्यम शिकवणाऱ्या प्राध्यापकांना २००६ मध्ये मिळाली, बाकीच्या विषयांच्या महाविद्यालयीन प्राध्यापकांना २०१० मध्ये. तोवर इतिहासाच्या प्राध्यापकाने माहितीपटाचा पाच मिनिटांचा तुकडा कापला तर तो कुलूप फोडल्याचा दोषी.

यातून अभ्यासक्रम हळूहळू कसे बदलतात ते मी जवळून पाहिलं आहे. जो माहितीपट फक्त टेपवर होता तो यादीतून गळतो आणि त्याच्या जागी स्ट्रीमिंगवर सापडतो तो येतो. काय शिकवायचं हे सामानाच्या यादीने ठरवलं, आणि त्यावर कुठल्याही समितीत चर्चा झाली नाही. स्ट्रीमिंग तरी कायमचं आहे का? डीव्हीडी एकदा विकत घेतली की ग्रंथालयाची. स्ट्रीमिंग म्हणजे भाडं, आणि ग्रंथालयांना चित्रपट पुरवणाऱ्या कॅनोपीसारख्या सेवेत जितकं पाहिलं जाईल तितकं बिल वाढतं. १ जुलै २०१९ पासून न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने, ब्रुकलिन आणि क्वीन्सच्या ग्रंथालयांसह, ती सेवा खर्च परवडेना म्हणून बंद केली. विद्यापीठांच्या ग्रंथपालांनाही हे गणित चांगलं ठाऊक आहे.

कला-इतिहासवाल्यांची कुरकुर मला आधी नखरेल वाटायची. आता वाटत नाही. हाइनरिश व्योल्फलिन या स्विस अभ्यासकाने दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी लावून दोन चित्रांची तुलना करत शिकवण्याची रीत रुळवली. पुढे शंभर वर्षं तो विषय असाच शिकवला गेला. विषयाची विचार करण्याची पद्धतच त्या दोन यंत्रांभोवती वाढली. कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर २००४ मध्ये बंद केले. मग वर्गात एकच डिजिटल प्रोजेक्टर आला, सुरुवातीला जेमतेम १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा, आणि चित्रातला ब्रशचा फटकारा धूसर झाला. आता प्रोजेक्टर सुधारले, ती तक्रार मिटली. पण स्लाइडी लावणारे, त्यांच्यावर चित्राची आणि काळाची नोंद करणारे, त्या राखणारे विभागातले जाणकार कर्मचारी परत आले नाहीत.

आता आपल्याकडचं कपाट पुन्हा उघडून बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा शैक्षणिक कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ ला दूरदर्शनवर सुरू झाला. त्यासाठी पुणे विद्यापीठासह देशभरात उभ्या राहिलेल्या माध्यम केंद्रांनी त्या काळच्या टेपांवर कार्यक्रम बनवले. याखेरीज मराठीच्या, लोकसाहित्याच्या, समाजशास्त्राच्या, संगीताच्या विभागांत प्राध्यापकांनी स्वतः गावोगाव फिरून ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटी आहेत. बोलींचे नमुने, ओव्या, जागरण-गोंधळ, मुलाखती. यातलं बरंचसं दुसरीकडे कुठेही नाही. चुंबकीय टेपचं आयुष्य मर्यादित असतं, आणि ती वाचणारी चालू यंत्रं त्याहून लवकर संपतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने कैक वर्षांपूर्वीच बजावलं होतं की २०२५ पर्यंत जी टेप डिजिटल होणार नाही ती बहुतेक गेलीच म्हणून समजा. ते साल आलंही आणि गेलंही.

इथे आपली न फेकण्याची सवय कामाला येऊ शकते, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. इथल्या विद्यापीठातला कॅसेट डेक केव्हाच सरप्लसच्या गोदामातून कुणाच्या तरी घरी गेला. आपल्याकडचा अजून कपाटात असण्याची शक्यता आहे. पट्टा बदलून, हेड पुसून तो चालेल का ते बघायला हवं, आणि ते बघू शकणारा तंत्रज्ञ अजून हयात आणि हाताशी आहे तोवर बघायला हवं. विभागातल्या दहा मोडक्या यंत्रांतून दोन चालू यंत्रं उभी राहतात. बाकी आठ सुटे भाग म्हणून ठेवायची. निर्लेखन समितीला हा पर्याय प्रस्तावात लिहून द्यावा.

नव्या पॅनलबद्दल मला फारशी भक्ती नाही. ओव्हरहेड प्रोजेक्टरमध्ये बिघडण्यासारखं होतं काय? दिवा, पंखा, आरसा, भिंग. पॅनलच्या आत अँड्रॉइडचा संगणक बसलेला असतो. काच शाबूत असतानाच त्याचे अपडेट थांबतात आणि तो निम्मा निकामी होतो. म्हणजे काढण्याचा प्रश्न यापुढे लवकर लवकर येणार. खरेदीच्या निविदेतच काढण्याचं वर्ष, आतला संगणक वेगळा बदलता येण्याची अट आणि जुनं परत नेण्याची जबाबदारी लिहिली नाही, तर हेही कपाटात जाणार. किंबहुना कपाटात मावणारही नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच हा माल द्यायचा आहे. प्रोजेक्टरच्या जुन्या दिव्यांमध्ये पारा असतो, ते भंगारवाल्याला देऊन चालत नाही.

आणि फळा? त्याला मोडीत काढण्याची भाषा करणाऱ्यांनी जपानच्या हागोरोमो खडूची बातमी वाचावी. २०१५ मध्ये ती कंपनी बंद होणार म्हटल्यावर अमेरिकेतल्या गणिताच्या प्राध्यापकांनी पेट्या भरभरून खडू साठवून ठेवले. नंतर एका कोरियन कंपनीने ते बनवायला घेतले तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. आमच्या गणित विभागाने नूतनीकरणात एकच अट घातली होती: पडदा फळ्यावर उतरता कामा नये. ती मान्य झाली.

नॅकने श्रेणीऐवजी मान्यता आहे किंवा नाही अशी दोनच उत्तरं देणारी पद्धत आणायचं २०२४ मध्ये ठरवलं. निकष नव्याने लिहिले जात असतील तर आयसीटी वर्गांच्या टक्केवारीपुढे दोन प्रश्न जोडता येतील: गेल्या वर्षात यातले किती वर्ग किती दिवस बंद होते, आणि किती साधनं निर्लेखित केली. दुसऱ्या उत्तराला गुण मिळाले तर छतावरच्या मेलेल्या एलसीडी एका सुट्टीत खाली येतील. टेपांसाठी वेगळी यादी, वेगळी तारीख आणि विद्यापीठाच्या पातळीवर एकच चालू यंत्रांची खोली पुरेल. प्रत्येक महाविद्यालयाने डेक शोधत बसू नये. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःकडे बिगर-डिजिटल प्रत असेल तर, जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत साठवायची मुभा दिली आहे. शिवाय आपल्या कॅसेटी बहुतांशी विभागांनीच ध्वनिमुद्रित केलेल्या आहेत. इथल्यासारखी हॉलिवूडच्या कुलपांशी झटापट करावी लागणार नाही. ज्यांचे आवाज त्यात आहेत त्यांना किंवा त्यांच्या मुलाबाळांना विचारावं मात्र लागेल, आणि ते काम गावाचं नाव अजून आठवणाऱ्या प्राध्यापकाकडूनच होईल. त्यातले बरेच जण सत्तरीच्या पुढे आहेत.