‘गोल्डन पॅराशूट’वरील प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘गोल्डन पॅराशूट’, म्हणजे कंपनीचा ताबा बदलून खुर्ची गेली तर वरिष्ठ अधिकाऱ्याला करारानेच मिळणारी घसघशीत भरपाई, या विषयावरील माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. गिरणीचा उंबरा न ओलांडलेल्या माणसाने सोलापुरात बसून असल्या विषयावर लिहू नये, साहेब लोकांच्या मलईचे मी कौतुक केले आहे, आणि कामगाराच्या भरपाईला लेखात जेमतेम एक ओळ मिळाली, असे आपले म्हणणे आहे. शेवटचे मान्य. एक ओळ कमीच होती.

पहिल्या वाक्याबद्दल मात्र बोलणे भाग आहे, कारण त्याचा सूर चावडीवरही शोभला नसता. माझे वडील येथीलच एका गिरणीत साचा (विणकाम) खात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांचा हिशेब हप्त्याहप्त्याने आणि अनेक खेटे घातल्यावर हाती आला. पुढे मी स्वतः अक्कलकोट रोडवरील यंत्रमाग कारखान्यांत हिशेबनिसाचे काम केले. निघून जाणाऱ्या माणसाच्या हातावर काय पडते, हे मला कोणी शिकवायला नको. लेखकाचे घराणे तपासल्याखेरीज लेख वाचायचा नाही, असा आपला नियम असेल तर तो आधी जाहीर करावा, म्हणजे आम्ही सातबारा जोडून लिहीत जाऊ.

कौतुकाचा आरोप लेख न वाचताच केलेला दिसतो. कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात गेली तर आपली खुर्ची जाईल, या धास्तीने वरिष्ठ अधिकारी भागधारकांच्या हिताचा सौदाही अडवू शकतात. ती धास्ती राहू नये म्हणून नेमणुकीच्या करारातच घसघशीत भरपाईचे कलम घालतात, एवढेच मी सांगितले होते. उदाहरणार्थ, 1961 मध्ये धनकोंनी उद्योगपती हॉवर्ड ह्यूजेस यांच्याकडून ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स या अमेरिकी विमान कंपनीचा ताबा काढून घेऊन चार्ल्स टिलिंगहास्ट यांना अध्यक्ष नेमले. ह्यूजेस परतले तर टिलिंगहास्ट यांना घरी बसवतील हे उघड होते, आणि त्यासाठीच त्यांच्या करारात ती तरतूद होती. अमेरिकेने 1984 मध्ये कायदा करून, अशी भरपाई सरासरी वार्षिक वेतनाच्या तिप्पट किंवा अधिक झाली तर एका वर्षाच्या सरासरी वेतनापेक्षा जादा रकमेवर घेणाऱ्याकडून 20 टक्के कर वसूल करण्याची सोय केली, हेही त्याच लेखात आहे. कौतुक करणारा हे कशाला लिहील?

आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 202 व्यवस्थापकीय संचालकाला उरलेली मुदत किंवा तीन वर्षे, यांत जे कमी असेल तेवढ्या काळाच्या वेतनापर्यंतच भरपाई देऊ देते. फसवणूक किंवा घोर निष्काळजीपणा असेल तर काहीच नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपात झालेल्या कामगाराला नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन होते. या दोन आकड्यांमधली दरी दाखवून मला निरुत्तर केल्याचे समाधान आपल्याला लाभले असेल, तर ते खुशाल घ्यावे. ती दरी मी खोदलेली नाही आणि माझ्या लेखाचा तो विषयही नव्हता. स्वेच्छानिवृत्तीची रक्कमही आपण याच माळेत ओवली आहे. ती साध्या कारकुनालाही मिळू शकते आणि नेमणुकीच्या वेळी ठरलेली नसते, इतके सांगून तो मुद्दा सोडतो.

आपली प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही. तिच्या शेवटी माझा जो एकेरी उल्लेख होता, तेवढा वगळला आहे.