सिंदखेडराजाचा तह

नारायण पेठेत चारचाकी बाळगणं म्हणजे दीड खोलीच्या बिऱ्हाडात झोपाळा टांगणं. आमची २०१३ ची चंदेरी हॅचबॅक वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीसमोर उभी असायची. ती हलवली की तासाभरात तिच्या जागी कुणाची तरी स्कूटर, दोन कुंड्या आणि एकदा तर वाळत घातलेली गादी. म्हणून आम्ही ती हलवणंच बंद केलं. जागा जाऊ नये म्हणून गाडी ठेवली होती आणि गाडी आहे म्हणून जागा धरली होती. ऑफिसला मी रिक्षाने जात होतो.

एका रात्री मी ठरवलं, ही द्यायची आणि बुलेट घ्यायची. विकायची नाही, अदलाबदल करायची. विकली तर पैसे घरात येतात, आणि घरात आलेल्या पैशांची बुलेट होत नाही, फ्रिज होतो.

"अहो, बावन्नावं चालू आहे तुम्हाला," बायको म्हणाली. "कंबरेला पट्टा लावून झोपता आणि बुलेट?"

मी जाहिरात टाकली. पहिल्याच दिवशी तीन फौजी भेटले. तिघांचीही अचानक बदली झालेली, तिघांचीही बुलेट लष्कराच्या गोदामात बांधून तयार, आणि तिघांनाही वाहतुकीचे ५ हजार आधी हवे होते. फोटो मात्र तिघांनी एकाच बुलेटचा पाठवला होता. एका बुलेटवर तीन जवान बसलेले मी फक्त संचलनातच पाहिले होते. चौथ्याने तर मला पैसे 'द्यायला' क्यूआर कोड पाठवला. पैसे घ्यायचे असतील तर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, एवढं मला बँकेच्या रोजच्या मेसेजांनी शिकवलं होतं. फसवणूक झाली तर लावायचा १९३० हा नंबर मी तेव्हाच फोनमध्ये साठवून ठेवला. त्याचा पुढे उपयोग होता होता राहिला.

मग नागपूरकर आले.

"भाऊ, तुमची गाडी अजून हाय का?"

२०१५ ची बुलेट, काळी. देण्याचं कारण विचारलं तर म्हणाले, "लेक झाली नं भाऊ. मे महिन्यात नागपुरात लेकराले बुलेटवर घेऊन जाता काय तुमी?" कारण इतकं पटण्याजोगं होतं की मला लगेच संशय आला. तिकडे त्यांनाही आला होता. पुण्याचा माणूस चांगली चालणारी गाडी बुलेटच्या बदल्यात देतोय म्हणजे काहीतरी भानगड असणार, असं त्यांच्या सासऱ्यांचं मत पडलं होतं.

त्यानंतरचा दीड महिना आम्ही दोघं एकमेकांना चोर समजून अतिशय आदराने बोलत होतो.

मी गाडीचा व्हिडिओ पाठवला. ते म्हणाले, हा जुना नाही कशावरून, आजचा पेपर बॉनेटवर ठेवून पाठवा. मी ठेवला. ओलीस धरलेल्या माणसाच्या हातात पेपर देतात तसा आमच्या गाडीचा फोटो निघाला. मी उलट बुलेटच्या टाकीवर पेपर मागितला. त्यांनी पाठवला, पण पेपर आदल्या दिवशीचा. यावर मी रात्री दीडपर्यंत जागा होतो. सकाळी कळलं, त्यांच्याकडे आजचा पेपर सासरे सोडत नाहीत.

सरकारी ॲपवर नंबर टाकला की गाडीची सगळी कुंडली निघते. मालकाच्या नावातली निम्मी अक्षरं मात्र फुल्यांनी झाकलेली असतात. मी शब्दकोड्यासारखा त्या फुल्या भरत बसलो. त्यांनी दिलेलं नाव त्यात बसत होतं, पण आमच्या साडूंचंही बसत होतं. मग दंड तपासले. त्यांच्या नावावर हेल्मेटचा एक. हे वाचून मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली, शेवटी मी पुणेकर. तोवर त्यांनी माझे काढले होते. झेब्रा पट्ट्यांवर गाडी उभी केल्याचे दोन. "गाडी तं उभीच राहते म्हणले होते तुमी," ते म्हणाले. "पट्ट्यावर उभी राहते काय?"

बुलेटच्या आरसीवर अजून बँकेचा बोजा होता. "कर्ज कवाच फिटलं भाऊ!" फिटलं असेल, पण बँकेचं ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म आरटीओत दिल्याशिवाय तो बोजा कागदावरून उतरत नाही, आणि न उतरलेल्या बोजाची बुलेट घेणं म्हणजे नवरा हयात असलेल्या बाईशी लग्न ठरवणं. त्यात तीन आठवडे गेले. माझ्याकडून उशीर नव्या नंबरप्लेटने केला. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती अशोकचक्राचा होलोग्राम असलेली पाटी लावल्याशिवाय हस्तांतर होत नाही. पाटी बसवायच्या केंद्रावर जायचं तर गाडी हलवावी लागणार, गाडी हलवली की जागा जाणार. शेवटी शेजारच्या काकांना खुर्ची टाकून त्या जागेवर बसवलं आणि मी गेलो. परतलो तेव्हा काका खुर्चीत झोपले होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना स्कूटर लागल्या होत्या.

प्रत्यक्ष गाडी पाहायला मी नागपुरातल्या मामेभावाला पाठवलं. तो सकाळी नऊला गेला आणि दुपारी दोनला त्याचा फोन आला. "माणूस एकदम चांगला आहे रे. तर्री पोहे काय खाऊ घातले! वरून संत्री पण दिली बांधून."

"बुलेट कशी आहे?"

थोडा वेळ तिकडे शांतता. "काळी आहे," तो म्हणाला.

त्यांनी माझ्याकडे त्यांचा साळा पाठवला, इथे इंजिनिअरिंगला असलेला. पोरगा हुशार. ऑइलचं झाकण उघडून वास घेतला, पायातळीचा गालिचा उचलून गंज शोधला, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का पाहिलं. मग मान वर करून म्हणाला, "काका, गाडी कधी पाण्यात गेली होती का?" मी म्हटलं, बाळा, इथे दर पावसाळ्यात भिडे पूल पाण्यात जातो, तो एका जागी असतो म्हणून. आमची गाडीही एका जागीच असते, पण ती जागा पहिल्यापासून कोरडी आहे. त्याने ते वहीत लिहून घेतलं. त्याला पोहे दिले. साधेच, पण दिले.

किंमत ठरली. माझी १ लाख ६० हजार, त्यांची १ लाख ३५. वरचे २५ हजार त्यांनी मला द्यायचे. खातं बरोबर आहे ना हे बघायला मी त्यांना आधी एक रुपया पाठवला. नाव जुळलं. तो रुपया त्यांनी परत पाठवला नाही. मी काही बोललो नाही. फक्त लक्षात ठेवला.

याच सुमारास आमच्या वकील मेहुण्यांनी जेवताना सहज सांगितलं की २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, गाडी कितीही हातांतून फिरली तरी आरटीओच्या दप्तरात नाव ज्याचं, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. "म्हणजे तो नागपुरात कुणाला उडवेल आणि समन्स येईल नारायण पेठेत," एवढं बोलून त्यांनी श्रीखंड मागून घेतलं. माझं श्रीखंड वाटीतच राहिलं. त्या रात्री मी मसुदा केला. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म दोघांच्या सह्यांनी, हस्तांतर १४ दिवसांत कळवायचं, विमाही तेवढ्याच मुदतीत नावावर करून घ्यायचा, ताबा दिल्याची पावती तारखेसह आणि, हे मी दोनदा अधोरेखित केलं, वेळेसह. स्टॅम्पपेपर शंभरचा आणायला गेलो तर म्हणे ते गेले, आता पाचशेचाच. पाचशे वाचवायचे म्हणून मी क्षणभर माणसावर विश्वास ठेवायचा विचार केला होता.

भेटायचं कुठे? नागपूर-पुणे सातशे किलोमीटर. नकाशावर मध्य काढला तर बोट सिंदखेडराजावर पडलं. जिजाऊंचं जन्मगाव, म्हणजे लबाडी करायला कुणीही दहा वेळा विचार करेल. त्यांना समृद्धी महामार्ग जवळ, पण त्यावर दुचाकीला बंदी. बिचारे जुन्या रस्त्याने कारंजा, मेहकर करत येणार होते. मी जालन्यावरून.

ढाब्यावर मी अकराला पोचलो. ते साडेबाराला आले. मी मनात कुणीतरी पिळदार मिशांचा माणूस धरला होता. उतरला तो धुळीने पांढरा झालेला, चष्म्याचा, तिशीतला मुलगा. बुलेटला जेवणाचा डबा बांधलेला. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. बहुधा त्यालाही मी इतका केस गेलेला असेन असं वाटलं नव्हतं.

आधी चेसिसचे ठसे. फॉर्मवर गाडीच्या चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा चिकटवावा लागतो. यूट्यूबवर हे दहा सेकंदांत होतं. मी बुलेटच्या हँडलखाली मान घालून, डाव्या हाताने हेडलाइटला मिठी मारून त्या आकड्यांवर पेन्सिल घासत होतो. आधी ग्रीस निघालं, मग रंग, मग पेन्सिलीचं टोक. ते माझ्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरले होते. चिकटपट्टी एकच होती, ती आळीपाळीने. माझ्या ठशात ८ चा ३ झाला, त्यांच्यात माझ्या अंगठ्याचाही उमटला. ढाब्याच्या पोऱ्याने विचारलं, "काय हरवलं का काका?"

मग चालवून पाहायचं. इथे दोघंही थांबलो. हीच ती घडी, जिच्यासाठी दीड महिना पेपर, फुल्या आणि साळे झाले होते.

"तुम्ही गाडी घेऊन गेलात आणि आलाच नाहीत तर?" मी शेवटी विचारलंच.

"तं माझी बुलेट तुमच्यापाशीच नं भाऊ! तुमी काय, फायद्यातच!"

हिशेब बिनतोड होता. तारण म्हणून एकेकाची गाडी दुसऱ्याकडे. एवढी साधी गोष्ट दीड महिन्यात मला सुचली नव्हती. मी किल्ली दिली. गाडी धुरळा उडवत गेली. मी रुबाबात बुलेटवर बसलो, किल्ली फिरवायला हात घातला, आणि तिथे फक्त भोक होतं.

बुलेटची किल्ली ते खिशात घेऊन गेले होते.

पाच मिनिटं मी शांत होतो. दहाव्या मिनिटाला फोन लावला, तो डब्याशेजारच्या पिशवीत वाजला. पंधराव्या मिनिटाला मला आठवलं की मामेभावाने बुलेटबद्दल 'काळी आहे' एवढंच सांगितलं होतं. म्हणजे या कटात मामेभाऊही असणार. त्याशिवाय कोण कुणाला संत्री बांधून देतं? ढाबेवाल्याने पाणी आणून दिलं. म्हणाला, "एवढं टेन्शन कशाला, डबा हाय की त्याचा." मी डबा उचलला. जड होता. पळून जाणारा माणूस भरला डबा मागे ठेवत नाही, या एका पुराव्यावर मी आणखी दहा मिनिटं काढली. तरी बोट १९३० वर होतंच.

पंचविसाव्या मिनिटाला गाडी आली. त्यांच्या कपाळाला बुक्का.

"वाड्यावर जाऊन आलो भाऊ, जिजाऊंच्या. नवीन गाडी आहे, पहिले माथा टेकून घ्यावा म्हणलं." मग माझा चेहरा पाहून खिशात हात घातला. "अरे बाप्पा! चाबी मी घेऊन गेलो काय?"

त्यानंतर सह्या भराभर झाल्या. २५ हजारांसाठी दोघंही फोन वर धरून रेंज शोधत ढाब्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून आलो. ताब्याच्या पावतीवर मी वेळ लिहिली, दुपारी २ वाजून ४० मिनिटं. डब्यात वांग्याची भाजी आणि भाकरी होती. दोघांनी मिळून खाल्ली. माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी चहाचे पैसे दिले. दोघांचे.

ते एसी लावून समृद्धीला लागले. मी बुलेटवर. पहिले वीस किलोमीटर मी कॉलेजात होतो, पुढचा सगळा रस्ता फिजिओथेरपिस्टकडे. नेवासाफाट्याला उतरलो तेव्हा उजवा पाय बुलेटवरच राहिल्यासारखा वाटत होता. तिथे उकिडवं बसायचा प्रयत्न करत असताना फोन वाजला. मेसेज होता. सिंदखेडराजा ते नागपूर, समृद्धीचा पूर्ण टोल, माझ्या खात्यातून वजा.

फास्टॅग! २९ नंबर झाला, ३० झाला, ३५ झाला, पाचशेचा स्टॅम्प झाला, वेळ मिनिटासकट लिहिली, आणि काचेवरचा टॅग तसाच ठेवून मी गाडी देऊन आलो होतो.

फोन लावला. मागे बाळ रडत होतं आणि कुणीतरी बाई "आरती आण, आरती आण" म्हणत होती.

"पोचलो भाऊ! गाडी तं लोणी हाय! तुमी कुठं?"

"नेवासाफाट्याला. टोल माझ्या खात्यातून गेला."

"हव का? मी म्हणलं हे फाटक आपोआपच कसं काय उघडून राहिलं! थांबा, आत्ताच टाकतो."

मिनिटाभरात पैसे आले. मी चष्मा लावून आकडा पाहिला. टोलपेक्षा एक रुपया जास्त होता.