आधी फोटोग्राफर, मग मासे

नदीसाठी काहीतरी करावं असं तुम्हाला मनापासून वाटतंय ना? मग झाडं लावू नका. झाड वाळलं की येणाजाणाऱ्याला दिसतं. त्यापेक्षा मासे सोडा. बोटुकली मेली तर बगळा नेतो आणि बगळा कधी साक्षीला येत नाही.

बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिल्लू. त्याआधी ते मत्स्यजिरे असतं, पण जिरं फोटोत येत नाही, तेव्हा बोटुकलीच मागवा. टेम्पो सकाळी आठला धरणावर पोचेल, साहेब साडेअकराला. तोवर ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या उन्हात राहू द्या. मत्स्यबीज केंद्रातून आलेला एखादा मळक्या शर्टातला माणूस तुमच्या कानाशी कुजबुजेल, ‘पिशवी जरा पाण्यावर तरंगत ठेवूया. आतलं-बाहेरचं तापमान जुळलं की तोंड सोडू, मासे आपसूक जातील.’ त्याला चहाला पाठवा. मासे आपसूक गेले तर साहेबांचा हात कशाला? पिशवी कमरेच्या उंचीवरून ओतायची, म्हणजे पाण्याची धार चांगली येते. फोटो हलला तर दुसरी पिशवी आहेच.

आता प्रश्न येईल, मासा कुठला? असले प्रश्न विचारणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावू नये. मासा म्हणजे मासा. आपल्या धरणांत गंगेकडचे कटला-रोहू इतकी वर्षं सोडतोय, कुणी त्यांचा रहिवासी दाखला मागितलाय?

तरी आदर्श हवाच असेल तर कावेरीचा ठेवा. तिथे पाठीवर बैलासारखं वशिंड असलेला एक महाशीर होता. महाशीर म्हणजे नदीतला थोराड मासा. काबिनी या तिच्या उपनदीत १९४६ साली गळाला लागलेला एक भरला १२० पौंड, म्हणजे चोपन्न किलो. गळाचा शौक असलेली मंडळी सातासमुद्रापलीकडून त्याच्यासाठी यायची. त्याचंही भलं करायचं ठरलं. मासे कमी झालेत? मग आणून सोडू.

आणले ते आपल्या लोणावळ्याहून. इथे उपरोध घटकाभर बाजूला ठेवतो. वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात जे केलं ते मोलाचंच होतं. विणीसाठी नदीच्या वरच्या अंगाला चढणारा हा मासा, त्याची वाट धरणांनी अडवलेली. कुलकर्णी आणि ओगले या मत्स्यतज्ज्ञांच्या जोडीने त्याची वीण माणसाच्या हातांनी करून दाखवली: मादीच्या पोटावरून अलगद हात फिरवायचा, लिंबाच्या रंगाची अंडी भांड्यात उतरवायची, त्यात नराचं रेत मिसळायचं आणि वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ती राखत बसायचं. इतक्या मायेने वाढवलेला तो मासा निळ्या परांचा, दख्खनचा महाशीर. वशिंडवाला नव्हे. पण दोघांचं आडनाव एकच, मग हरकत कसली? (जावई दुसऱ्याच घरचा निघाला तरी हार घालून झाल्यावर काय बोलणार.)

निळ्या परांचा तिथे छान रुळला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग हे वशिंडवाल्याच्या मागे होतेच, त्यात हा पाहुणा ताटावर बसला. पुढची गंमत बघा. ज्या माशाच्या मिशीवाल्या साहेबांबरोबरच्या तसबिरी जुन्या बंगल्यांत टांगल्यात, त्याचं शास्त्रीय नाव पक्कं व्हायला २०१८ साल उजाडलं. टोर रेमादेवी. त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्तांच्या यादीत झाली. म्हणजे बारसं आणि अतिदक्षता विभाग एकदमच. निळ्या परांचा मात्र २०२० मध्ये चिंतेच्या यादीतून सुखरूप बाहेर पडला. तुम्ही अहवाल लिहिताना फक्त ‘महाशीर’ लिहा, बेरीज झकास दिसते.

हे उघडकीला कसं आलं? गळवाल्यांच्या वह्यांमुळे. ही मंडळी नाचणीचा गोळा गळाला लावून तासन्‌तास बसायची, लागलेला मासा तोलायची, नोंदवायची आणि परत पाण्यात सोडायची. १९९८ ते २०१२ अशा नोंदी अभ्यासकांनी मांडल्या, तेव्हा कळलं की निळे वाढताहेत आणि वशिंडवाले दिसेनासे होताहेत. म्हणून तुम्हाला कळकळीचा सल्ला: वही ठेवणारा माणूस नदीवर राहू देऊ नका. कावेरी अभयारण्यात २०१२ मध्ये वन्यजीव कायद्यावर बोट ठेवून गळ बंद झाला. गळ म्हणजे शिकार, आणि शिकार गुन्हा. नियम चोख. फक्त रात्री जिलेटिनची कांडी फेकणाऱ्याने कायदा वाचलेला नसतो, आणि त्याला हटकायला काठावर जी माणसं असायची, ती गळाच्या कॅम्पांबरोबरच गेली.

काही ठिकाणं टाळा. महाडजवळचं वाळणकोंड, उदाहरणार्थ. तिथे काळ नदीच्या डोहात महाशीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, कारण ते वरदायिनी देवीचे मासे. लोक त्यांना कुरमुरे घालतात, खात नाहीत. फलक लावायला तुम्हाला तिथे निमित्तच मिळणार नाही. मुळा-मुठाही नको. निळ्या परांच्या महाशीराचं पहिलं शास्त्रीय वर्णन साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली केलं, ते पुण्याच्या पूर्वेला याच नदीत मिळालेल्या माशावरून. आज तिथे बोटुकली ओतलीत तर तीच उडी मारून पिशवीत परत येईल.

आमच्या बाजूच्या धरणावर असाच सोहळा झाला, त्याला आता वर्ष झालं असेल. परवा सांडव्याखाली एक पोरगं गळ टाकून बसलं होतं. शेजारच्या डबड्यात वीतभर मासा तडफडत होता.

‘कुठला रे हा?’ मी विचारलं.

त्याने मान वर न करता सांगितलं, ‘सरकारी.’