धूर दिसला म्हणजे इंजिन खलास नसतं: डकोटाच्या चित्रफितीखालच्या मजकुराला उत्तर

बडोद्यातल्या आमच्या मराठी गटांवर सध्या एक चित्रफीत जोरात फिरते आहे. दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत ओळखीच्या बहुतेकांनी ती पुढे पाठवली आहे. गवतावर डकोटा हे दोन इंजिनांचं जुनं वाहतुकीचं विमान उभं आहे, नाक आभाळाकडे आणि शेपटी जमिनीला टेकलेली. दोन माणसं इंजिनाचा पंखा हातानं ढकलत फिरवतात. मग इंजिन दोन-चार आचके देऊन सुरू होतं आणि निळसर पांढरा धूर अर्धं विमान झाकून टाकतो. खालचा मजकूर थोडक्यात असा: पंखा हातानं फिरवावा लागतो कारण इंजिन जाम आहे, धूर येतो कारण ते खलास झालंय, शेपटीखाली चाक ही जुन्या लोकांची चूक, म्हणूनच ही विमानं उतरताना गरकन फिरतात, यांचं इंधन देशात मिळत नाही, आणि हा मुळात गोऱ्या श्रीमंतांचा शौक, आपला त्याच्याशी संबंध काय? शेवटी सल्ला आहे की आता बडोद्यात वायुदलाचं नवं वाहतूक विमान सी-२९५ तयार होतंय, तेव्हा हे उडतं भंगार मोडीत काढा.

सी-२९५ चा अभिमान मलाही आहे. पण या मजकुरातलं एकच वाक्य अर्धं खरं आहे, बाकी सगळी चुकीची आहेत. आणि ज्या कामाला तो हसतोय, ते त्या विमानाची काळजी घेणाऱ्यांचं सगळ्यांत जबाबदारीचं काम आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पंखा. डकोटाचं इंजिन रेडियल प्रकारचं. अशा इंजिनात सिलिंडर एका ओळीत नसतात, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे मधल्या दांड्याभोवती गोल मांडलेले असतात. त्यामुळे खालचे दोन-तीन सिलिंडर कायम डोकं खाली करून लटकलेले असतात. इंजिन बंद करून विमान रात्रभर उभं राहिलं की आतलं तेल हळूहळू खाली उतरतं, पिस्टनच्या रिंगांमधून झिरपतं आणि या खालच्या सिलिंडरांच्या पोकळीत साठतं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. अशा अवस्थेत थेट स्टार्टर मारला तर वर येणारा पिस्टन तेलावर आदळतो आणि त्याला मधल्या दांड्याशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. वाईट म्हणजे तो तेव्हाच तुटेल असं नाही. वाकलेला रॉड काही तास चालून नंतर हवेत दगा देऊ शकतो.

म्हणून सुरू करण्याआधी मॅग्नेटो, म्हणजे प्लगना ठिणगी देणारी यंत्रं, बंद आहेत याची खात्री करून पंखा हातानं फिरवतात, आणि तोही इंजिन ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेनं. हार्वर्डसारख्या जुन्या शिकाऊ विमानात पंखा दोन पात्यांचा आणि थेट इंजिनाच्या दांड्यावर बसवलेला असतो. पंख्याचे दोन पूर्ण फेरे झाले, म्हणजे चार पाती समोरून गेली, की नऊच्या नऊ सिलिंडरांचं आवर्तन एकदा पुरं होतं. हाताला ते कळतं. पातं ढकलताना जोर वाढत जातो, एक मऊ अडथळा लागतो, तो ओलांडला की पातं सैल पडतं आणि लगेच पुढचा अडथळा येतो. मऊ अडथळा म्हणजे दाबली जाणारी हवा. पण पातं भिंतीला टेकल्यासारखं थबकलं तर तिथेच हात काढायचा. जोर लावायचा नाही, उलटंही फिरवायचं नाही. उलटं फिरवलं तर ते तेल झडपेतून आत येण्याच्या नळीत जातं आणि इंजिन सुरू होताच पुन्हा सिलिंडरात येतं. खालचे प्लग काढायचे, तेल थाळीत ओघळू द्यायचं, प्लग पुसून परत बसवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचं.

चित्रफितीतली दोन माणसं हेच करत होती. इंजिन जाम असतं तर पंखा त्यांच्या हातानं फिरलाच नसता. आणि डकोटाला विजेवर चालणारा स्टार्टर आहे; त्याच चित्रफितीत त्यांनी हात काढून ते बाजूला झाल्यावर पंखा आपोआप फिरायला लागतो, ते नीट पाहा.

धुराचं उत्तर यातच आलं. खालच्या सिलिंडरांत उरलेलं थोडं तेल पहिल्या काही ठिणग्यांत जळतं, म्हणून तो रंग. इंजिन तापलं की धूर विरतो. तापल्यावरही तो येतच राहिला तर काळजी करायची, पण चित्रफीत त्याआधीच कापलेली आहे. ही इंजिनं तेल खातात हे खरं, आणि ते धरूनच त्यांच्या तेलाच्या टाक्या मोठ्या केलेल्या असतात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिच्यामुळेच या इंजिनांचं वेड लागतं. एका चक्रात सिलिंडर नेहमी विषम असतात, जसे पाच, सात किंवा नऊ. डकोटाच्या इंजिनात सात-सातची दोन चक्रं मागेपुढे, एकूण चौदा सिलिंडर आणि सुमारे १,२०० अश्वशक्ती. विषम का? तर चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. नऊ असले तर क्रम लागतो १, ३, ५, ७, ९ आणि मग २, ४, ६, ८. एक सोडून एक असं जात दोन फेऱ्यांत सगळे समान अंतरानं पेटतात. आठ असते तर हा क्रम कुठेतरी लंगडा पडला असता. मंद गतीवर ऐकू येणारा तो गुरगुरता ठेका यातूनच येतो.

आता शेपटीचं चाक. मजकूर लिहिणाऱ्यानं रेडियल आणि टेलड्रॅगर, म्हणजे शेपटीखाली चाक असलेलं विमान, एकच धरलेत. तसं नाही. डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान टेलड्रॅगर होतं, पण त्याचं इंजिन एका ओळीतल्या सिलिंडरांचं. उलट रशियाचं याक-५२ रेडियल आहे आणि त्याला नाकाखाली चाक आहे.

अर्धं खरं वाक्य याच मुद्द्यात आहे. टेलड्रॅगरचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. उतरल्यावर विमान जरा तिरकं झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि वैमानिकाचे पाय रडरवर, म्हणजे विमानाची दिशा सांभाळणाऱ्या पायपट्ट्यांवर, जागे नसतील तर विमान गरकन फिरतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. तो होतो आणि पंखाचं टोक किंवा चाकाचा पाय मोडतो. नाकाखाली चाक असलं की गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे येतो आणि विमान आपणहून सरळ होऊ पाहतं. रोजच्या प्रवासी वाहतुकीला हीच मांडणी बरी, यात वादच नाही.

पण म्हणून जुनी मांडणी चूक ठरत नाही. ती आखली तेव्हा विमानतळ म्हणजे मोकळं गवताळ मैदान असायचं. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरायचं, त्यामुळे आडव्या वाऱ्याचा प्रश्न फारसा यायचाच नाही. ठरलेल्या दिशेच्या पक्क्या धावपट्ट्या आल्या तेव्हा तो आला. शिवाय मोठा पंखा खडबडीत जमिनीपासून उंच राहतो, आणि मातीत रुतून मोडेल असा नाजूक पाय नाकाखाली नसतो. म्हणून शेतीच्या फवारणीची एअर ट्रॅक्टर विमानं आजही शेपटीच्या चाकावरच बनतात, आणि त्यांत आता टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइननं पंखा फिरवणारं, इंजिन असतं. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत कित्येक वर्षं पुष्पक हे टेलड्रॅगर शिकाऊ विमान होतं. त्यावर पाय तयार झालेले किती वैमानिक पुढे मोठी विमानं चालवायला गेले!

इंधनाचा मुद्दा मात्र बडोदेकरांनी तरी पुढे पाठवायला नको होता. या इंजिनांना जेटचं केरोसीनसारखं इंधन चालत नाही, एव्हगॅस हे विमानाचं खास पेट्रोल लागतं, आणि पूर्वी ते परदेशातून आणावं लागायचं हे खरं. पण इंडियन ऑइलनं सप्टेंबर २०२२ मध्ये देशी बनावटीचं एव्हगॅस १०० एलएल बाजारात आणलं, आणि ते तयार होतं कोयलीच्या गुजरात रिफायनरीत. आपल्या गावाच्या वेशीवर! २०२३ मध्ये त्याची निर्यातही सुरू झाली.

राहिला गोऱ्यांच्या शौकाचा आरोप. १ एप्रिल १९३३ ला भारतीय वायुदलाची पहिली तुकडी कराचीत उभी राहिली ती चार वापिती विमानांवर. वापितीला ब्रिस्टल ज्युपिटर हे नऊ सिलिंडरांचं रेडियल इंजिन होतं आणि तेही शेपटी टेकूनच उभं राहायचं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. १९४१ मध्ये तिथे जुळवलेलं पहिलं विमान हार्लो पीसी-५ होतं: सात सिलिंडरांचं वॉर्नर रेडियल, शेपटीला चाक. आपल्या विमान उद्योगाची सुरुवातच अशा यंत्रापासून झाली आहे.

आणि खुद्द डकोटा. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान दिल्लीहून श्रीनगरच्या कच्च्या धावपट्टीवर उतरले ते डकोटांतून. त्यांत वायुदलाची विमानं होती तशी खासगी कंपन्यांचीही. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन लेहला डकोटा उतरवलं. अकरा हजार फुटांच्या आसपासची उंची, नुकतीच तयार केलेली मातीची पट्टी, आणि केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नसलेलं विमान. शेपटीचं चाक आणि हवेनं थंड होणारी इंजिनं तिथे उपयोगी पडली. रेडिएटर नाही, त्यातलं पाणी नाही, म्हणजे गळायला किंवा गोठायला तेवढी एक गोष्ट कमी.

श्रीनगरच्या त्या उड्डाणाच्या आठवणीसाठी व्हीपी ९०५ हा क्रमांक रंगवलेलं ‘परशुराम’ डकोटा एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनहून उडत आपल्या जामनगरला उतरलं आणि मग दिल्लीजवळच्या हिंडन तळावर वायुदलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात दाखल झालं. तिथे ते चालू ठेवणाऱ्यांना पंखा कधी आणि कसा फिरवायचा हे ठाऊक असावं लागतं. ही विद्या पुस्तकातून अर्धीच येते. बाकीची पात्यावर हात ठेवून कुणीतरी शिकवावी लागते.

शेवटचा मुद्दा सी-२९५ चा. आपल्याकडे ते वायुदलाच्या जुन्या एव्रो वाहतूक विमानांची जागा घेत आहे. आणि एव्रो ७४८ आखलं गेलं होतं तेच मुळी डकोटाच्या जागी यावं म्हणून. बडोद्यात हरणीच्या विमानतळालगत तयार होणारं सी-२९५ डकोटाच्याच कामाला, आखूड आणि कच्च्या पट्ट्यांवर माणसं नि सामान उतरवायला बनलं आहे. तेव्हा एकाचा अभिमान दाखवायला दुसऱ्याला भंगार म्हणू नका, आणि तो मजकूर पुढे पाठवला असेल तर त्याच गटात हे उत्तरही टाका.