मिठाने मरते ती जळू समुद्रात जगते कशी?

मुशी (शार्क) आणि पाकट (रे) या समुद्री माशांच्या अंगावरच्या जळवांवर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया: "पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणाऱ्या कुणालाही विचारा, चिमूटभर मिठाने जळू गळून पडते. आणि म्हणे समुद्रात जळवा! काहीही ठोकून देऊ नका."

शंका रास्त आहे. ठोकून दिल्याचा आरोप मात्र मान्य नाही.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ओल्या जळवेवर कोरडं मीठ पडलं की तिच्या अंगावरच्या ओलीत ते विरघळून याच्या कितीतरी पट खारट पाणी होतं आणि ते तिच्या शरीरातलं पाणी ओढून घेतं. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तसंच. रानातली जळू समुद्रात टाकली तर तीही टिकणार नाही. पण पाँटॉब्डेला म्युरिकाटा ही समुद्री जळू पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या पाण्यातलीच. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीअसने 1758 मध्ये तिची नोंद केली. भूमध्य समुद्रात आणि युरोपच्या अटलांटिक किनाऱ्याला पाकटांवर ती सापडते. अंगभर फोड, थेट कारल्यासारखी! अंड्यांचे कोश घालते तेही रिकाम्या शिंपल्यांवर, बारीक देठ असलेले. पाकटाच्या रक्तातले ट्रायपॅनोसोमा हे सूक्ष्म परजीवी तिच्या पोटात कसे वाढतात, हे शास्त्रज्ञ म्युरिएल रॉबर्टसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अभ्यासलं होतं.

"मुशीची कातडी पॉलिशपेपरसारखी, तिथे चिकटणार कशी?" हा तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. टॉर्पेडो या विजेचा झटका देणाऱ्या पाकटाची कातडी गुळगुळीत असते. त्याच्याच नावाची ब्रँकेलिअन टॉर्पेडिनिस ही जळू त्याच्यावर तर राहतेच, पण मुशीवरही भागवते. तिच्या मागच्या चूषकाच्या (चिकटून राहण्याच्या अवयवाच्या) आत आणखी बारीक बारीक चूषक असतात, म्हणून पकड सुटत नाही. दोन्ही कुशींना पानांसारखे कल्ले, ते वेगळंच. मत्स्यालयात तिची संख्या वाढली तर पाकटांना रक्तक्षय होतो.

खरी चूक तुमच्या नजरेतून सुटली. या जळवांना मी "तीन जबडे" लिहिले होते. ते औषधी जळवेचे. या कुळात जबडे नसतात, सोंड असते. ती मांसात खुपसून रक्त ओढतात. लेखात दुरुस्ती केली आहे. फोटोही बदललाय. आधीचा पायाला चिकटलेल्या रानजळवेचा होता. तो बघूनच तुम्हाला मीठ आठवलं असेल, तर त्याला मीच जबाबदार.