बटण दाबलं की लगेच सुरू?

"जुने कॉम्प्युटर बटण दाबताच सुरू व्हायचे" हे बीबीसी मायक्रो किंवा स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरांबद्दल खरं आहे, त्यांची बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा रॉममध्येच, म्हणजे आतल्या कायमच्या मेमरी चिपमध्येच असायची. पण आमच्या क्लासमधल्या एक्सटी या जुन्या पीसीला हार्डडिस्कच नव्हती. चपला बाहेर काढून आत जायचं, डॉसची (मशीन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) सव्वापाच इंची फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये सरकवून खटका पाडायचा आणि ६४० केबीपर्यंत मेमरीची मोजणी बघत बसायचं. फ्लॉपी विसरलात तर नुसताच एररचा मेसेज!

त्यात डॉस दरवेळी तारीख-वेळ विचारायचं, कारण आमच्या मशीनमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नव्हतं. आम्ही आळशी, दोनदा एंटर मारून मोकळे. त्यामुळे १९८९ साली टाइप केलेल्या माझ्या सगळ्या फायलींवर डॉस आपणहून धरायचं ती तारीख, १-१-८०! कुठली आधीची न् कुठली नंतरची, आजही कळत नाही.